राज्य नवे झाले, बोजा कोणाच्या माथी?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा माझा विषय तुम्हाला लांबचा वाटेल. अमेरिकेचे प्रजासत्ताक जन्माला आले तेव्हा ते जन्माला घालणाऱ्या पुढाऱ्यांत काय भांडणे झाली, कोणी कोणाला आव्हान दिले आणि त्या सगळ्या भांडणात शेतकरी कुठे होता, हा तो विषय. देश दूरचा आहे, काळ दोनशे वर्षांपूर्वीचा आहे. पण गोष्ट कर्जाची आहे, कराची आहे, जप्तीची आहे आणि निर्यातबंदीची आहे. त्यामुळे ती समजायला इथे बसलेल्या कुणाला फार कष्ट पडतील असे वाटत नाही.

शाळेच्या पुस्तकात त्या मंडळींचे चित्र असते. वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, जेफरसन, मॅडिसन, हॅमिल्टन असे सगळे एका दिवाणखान्यात उभे आहेत, चेहरे गंभीर आहेत आणि सगळ्यांचे एकमत आहे. हे चित्र खोटे आहे. १७७६ साली इंग्रजांच्या राजाविरुद्ध त्यांचे एकमत होते, ते खरे. १७८३ च्या तहाने लढाई संपली आणि राजा गेला. राजा गेल्यावर पहिला प्रश्न आला तो लढाईच्या खर्चाचा. लढाईसाठी काढलेले कर्ज फेडायचे कोणी? तिथून भांडण सुरू झाले ते पुढे पंचवीस वर्षे मिटले नाही.

हा देश तेव्हा केवढा होता? १७९० साली त्यांची पहिली शिरगणती झाली. एकूण माणसे सुमारे ३९ लाख. त्यातले जवळजवळ ७ लाख गुलाम. दहातली नऊ कुटुंबे शेतीवर. म्हणजे राज्य कोणीही चालवो, ते चालणार होते शेतकऱ्याच्या जिवावर, आणि दक्षिणेत गुलामाच्या घामावर.

लढून आलेल्या सैनिकाच्या घरावर जप्ती

स्वातंत्र्याच्या लढाईत बंदूक घेऊन उभा राहिलेला शिपाई बहुतेक शेतकऱ्याचाच पोरगा होता. सरकारच्या तिजोरीत नाणे नव्हते. मग शिपायाला पगार म्हणून काय दिले? कागद. 'एवढे डॉलर देणे आहे' असे लिहिलेले प्रमाणपत्र. घरी आल्यावर त्या कागदाने बियाणे मिळेना, मीठ मिळेना. नडलेल्या माणसाने तो कागद मिळेल त्या किमतीला विकला. डॉलरमागे पंधरा-वीस सेंट हाती पडले तरी पुष्कळ. घेणारे कोण? शहरातले व्यापारी आणि सट्टेबाज.

मॅसॅच्युसेट्स राज्याने ठरवले की आपल्या कर्जरोख्यांची पूर्ण किंमत द्यायची, तीही व्याजासह. ऐकायला प्रामाणिकपणाचे वाटते. पण पैसा आणायचा कुठून? कर बसवून. आणि कर भरायचा सोन्याचांदीच्या नाण्यात. डोंगराकडच्या, पश्चिमेच्या भागातला शेतकरी धान्य देऊन कापड घेणारा, लोणी देऊन नांगराचा फाळ घेणारा. आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून? कर थकला, दुकानदाराची उधारी थकली. कोर्टात दावे दाखल झाले. गुरे गेली, जमिनी लिलावाला लागल्या, माणसे कर्जापायी तुरुंगात गेली. ज्या शिपायाने आपला कागद पडत्या भावाने विकला, त्याच्याचकडून कर वसूल करून त्या कागदाची पूर्ण किंमत सट्टेबाजाला द्यायची, असा हा कारभार झाला.

शेतकऱ्यांनी आधी अर्ज केले. गावोगाव सभा घेऊन विधिमंडळाकडे गाऱ्हाणी पाठवली. कोणी दखल घेतली नाही. तेव्हा २९ ऑगस्ट १७८६ रोजी नॉर्थॅम्प्टन गावात शेकडो शेतकरी कोर्टापुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी न्यायाधीशांना बसू दिले नाही. लक्षात घ्या, त्यांनी सावकाराचे घर जाळले नाही, त्यांनी कोर्ट बंद पाडले. कोर्ट बसले नाही तर हुकूमनामा नाही, हुकूमनामा नाही तर जप्ती नाही. या आंदोलनाला पुढे ज्याचे नाव चिकटले तो डॅनिएल शेज स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन होता, बंकर हिल आणि साराटोगाच्या लढायांत लढलेला होता.

राज्याचा गव्हर्नर जेम्स बोडिन. त्याच्याजवळ सैन्याला पैसा नव्हता. मग बोस्टनच्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी आपापसांत वर्गणी केली आणि त्या पैशातून जनरल बेंजामिन लिंकनच्या हाताखाली फौज उभी राहिली. कर्जाचे व्याज येणे असलेल्या लोकांनी वसुलीसाठी स्वखर्चाने फौज पाठवावी, हे उदाहरण विसरण्यासारखे नाही. २५ जानेवारी १७८७ रोजी शेजचे लोक स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. तोफ डागली गेली, चार माणसे पडली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बर्फाच्या वादळात रात्रभर चालून लिंकनने पीटरशॅम गावी उरलेल्यांना गाठले आणि बंड मोडले.

पण गोष्ट तिथे संपत नाही. दोनच महिन्यांनी निवडणूक झाली. बोडिन पडला, जॉन हॅन्कॉक निवडून आला. नव्या विधिमंडळाने करांचा बोजा हलका केला. शेजला १७८८ साली माफी मिळाली. बंदुकीने जे मिळाले नाही त्यातले काही मतपेटीने मिळाले.

एकच बंड, दोन नजरा

या बंडाकडे देशाचे पुढारी कसे पाहत होते, ते बघा. सॅम्युएल अ‍ॅडम्स हा इंग्रजांविरुद्ध लोकांना पेटवणारा बोस्टनचा जुना पुढारी. त्याची भूमिका अशी की राजाविरुद्ध बंड करणाऱ्याला एकवेळ माफी देता येईल, पण प्रजासत्ताकाच्या कायद्याविरुद्ध उठणाऱ्याला मरणाचीच शिक्षा हवी. कालपर्यंत कर न देणे हे पुण्य होते. सरकार आपले झाले आणि तेच पाप ठरले. वॉशिंग्टन निवृत्त होऊन आपल्या मळ्यावर बसला होता. तो या बातम्यांनी हबकला आणि देशाला मजबूत मध्यवर्ती सरकार हवे या मताकडे आणखी झुकला. पॅरिसमध्ये वकील म्हणून राहिलेल्या जेफरसनने मात्र मॅडिसनला लिहिले की अधूनमधून एखादे छोटे बंड होणे चांगलेच. त्याने सरकारची प्रकृती सुधारते.

आता यात जेफरसन दयाळू आणि बाकीचे निष्ठुर असा सोपा निवाडा आपण करू नये. जेफरसन समुद्रापलीकडे होता, त्याच्या दारात कोणी बंदूक घेऊन आले नव्हते. पुढे तो सत्तेवर आल्यावर काय झाले ते मी सांगणारच आहे.

बंद खिडक्यांच्या आड घटना

मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला घटना लिहिणारी परिषद बसली. अध्यक्ष वॉशिंग्टन. ५५ प्रतिनिधी आले. वकील, व्यापारी, मोठे जमीनदार. ऱ्होड आयलंड राज्याने कोणाला पाठवलेच नाही. उन्हाळ्याचे दिवस, पण बाहेर शब्द जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या बंद. कर्जात बुडालेला छोटा शेतकरी त्या खोलीत नव्हता. पण त्याच्या बंडाची भीती होती.

भांडणे तिथेही झाली. मोठी राज्ये म्हणत, माणसे जास्त त्यांना जागा जास्त. छोटी राज्ये म्हणत, सगळ्यांना समान. जुलैमध्ये तडजोड झाली. एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला दोन. मग दक्षिणेकडच्यांनी म्हटले, आमचे गुलाम लोकसंख्येत धरा. मत गुलामाला नाही, पण त्याच्या डोक्याच्या हिशेबाने जागा मालकाला! पाच गुलामांची तीन माणसे धरावी असे ठरले. स्वातंत्र्याच्या घटनेत असा अपूर्णांक लिहिला गेला आणि पुढे त्याची किंमत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात रक्ताने मोजावी लागली.

आणखी एक कलम आपल्या कामाचे आहे. यापुढे कोणत्याही राज्याने कागदी चलन काढू नये आणि करारांची बंधने सैल करणारा कायदा करू नये, असे लिहिले गेले. म्हणजे शेजच्या लोकांना जे मार्ग हवे होते ते राज्यांच्या हातातून काढून घेतले.

सप्टेंबरात ३९ जणांनी सह्या केल्या. व्हर्जिनियाचा जॉर्ज मेसन शेवटपर्यंत बसला आणि सही न करता उठला. त्याचे एक मोठे कारण असे की, नागरिकांच्या हक्कांची सनद या घटनेत नाही. मेसन आणि वॉशिंग्टन शेजारी, जुने मित्र. ती मैत्री या सहीवरून तुटली. पॅट्रिक हेन्री तर परिषदेला गेलाच नव्हता. त्याने व्हर्जिनियात घटनेविरुद्ध रान उठवले. मतदान किती अटीतटीचे झाले पहा. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. आज जगभर जिचे कौतुक होते ती घटना इतक्या थोड्या फरकाने तरली.

घटनेच्या बाजूने हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी ८५ लेख लिहिले. पण विरोधक हरले तरी त्यांची मागणी हरली नाही. मॅडिसनला आधी हक्कांच्या सनदेची गरज वाटत नव्हती. १७८९ साली त्याला निवडणुकीत जेम्स मन्रोशी लढावे लागले, तेव्हा मतदारांना त्याने सनदेचे वचन दिले. तो जिंकला आणि त्याने वचन पाळले. १७९१ साली पहिल्या दहा दुरुस्त्या घटनेत आल्या. भाषणाचे, छापण्याचे, एकत्र जमण्याचे आणि सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचे स्वातंत्र्य त्यात आहे. सही न करणाऱ्या मेसनचे देणे असे फिटले.

हॅमिल्टनचे खातेपुस्तक

आता अलेक्झांडर हॅमिल्टनकडे येऊ. हा माणूस वेस्ट इंडीज बेटांवर जन्मलेला, लहानपणी पोरका झालेला, व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी करून वर आलेला. लढाईत वॉशिंग्टनचा सहायक. १७८९ साली तो देशाचा पहिला अर्थमंत्री झाला. बुद्धीने त्याची बरोबरी करणारे थोडे होते आणि ते त्यालाही माहीत होते.

जानेवारी १७९० मध्ये त्याने कर्जाचा अहवाल मांडला. मध्यवर्ती सरकारचे कर्ज सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर, राज्यांचे सुमारे अडीच कोटी. त्याचे म्हणणे असे की सगळे कर्ज मध्यवर्ती सरकारने अंगावर घ्यावे आणि ज्याच्या हातात आज कागद आहे त्याला पूर्ण किंमत द्यावी. त्याची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. जो देश देणे बुडवतो त्याला पुढे कोणी उधार देत नाही. आणि पैसेवाल्यांचे पैसे सरकारात गुंतले की सरकार टिकावे असे त्यांना वाटू लागते. हा विचार पोकळ नव्हता. त्यातून अमेरिकेची पत खरोखर उभी राहिली.

पण मॅडिसनने विचारले, ज्या शिपायाने डॉलरचा कागद पंधरा सेंटला विकला त्याचे काय? आज धरणाऱ्याला बाजारातली सर्वांत चढी किंमत द्या आणि उरलेली रक्कम मूळ मालकाला द्या. हॅमिल्टन म्हणाला, व्यवहार झाला तो झाला. असे मागे जाऊ लागलो तर कागदावर कोणाचा विश्वास राहणार नाही. मॅडिसनची सूचना ३६ विरुद्ध १३ मतांनी पडली. खाली चर्चा चालू असताना सट्टेबाजांची माणसे भरलेल्या थैल्या घेऊन घोड्यावरून आणि जलद जहाजांतून दक्षिणेकडे सुटली. बातमी न पोचलेल्या गावांत जाऊन उरलेसुरले कागद त्यांनी मातीमोल भावात उचलले. बातमी ज्याला आधी कळते तो श्रीमंत होतो, ज्याला उशिरा कळते तो फसतो. बाजाराचा हा नियम तेव्हाही होता.

राज्यांचे कर्ज घेण्याचा प्रस्ताव मात्र अडला. व्हर्जिनियाने आपले बरेचसे कर्ज फेडले होते. दुसऱ्याचे आम्ही का फेडावे, असा त्यांचा सवाल. जून १७९० मध्ये जेफरसनच्या घरी जेवण झाले. हॅमिल्टन आणि मॅडिसन पानाला बसले. ठरले असे की कर्ज मध्यवर्ती सरकारकडे जाईल आणि त्याच्या बदल्यात देशाची राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीच्या काठी होईल. आज वॉशिंग्टन शहर आहे तिथे का आहे, याचे उत्तर त्या जेवणात आहे. पुढे जेफरसनला या तडजोडीचा फार पश्चात्ताप झाला.

दारूवरचा कर

कर्ज घेतले, मग व्याज कशातून देणार? १७९१ साली हॅमिल्टनने देशी दारूवर कर बसवला. दारूवर कर म्हटल्यावर मायबहिणी म्हणतील, बरेच केले! पण जरा थांबा, त्या डोंगरातला हिशेब ऐका.

पश्चिम पेनसिल्व्हेनियातला शेतकरी राय नावाचे गव्हासारखे धान्य पिकवी. बाजारपेठ पूर्वेला, मध्ये अ‍ॅलेगनीचे डोंगर, गाडीरस्ता धड नाही. घोड्याच्या पाठीवर चार बुशेल धान्य जाई, म्हणजे आपल्या मापाने एक क्विंटल. तेच धान्य गाळून दारू केली तर त्याच घोड्यावर चोवीस बुशेलांचा, म्हणजे सहा क्विंटलांचा माल जाई. ती दारू त्याची चैन नव्हती. वाहतुकीचा खर्च वाचवण्याचा त्याचा एकमेव प्रक्रिया उद्योग तो होता. नाणे दुर्मीळ असल्यामुळे त्या भागात मजुरीसुद्धा दारूत दिली जाई. आता कर द्यायचा रोख नाण्यात. मोठ्या भट्टीवाल्याला ठोक रक्कम भरून गॅलनमागचा बोजा कमी करता येई. छोट्याला ते साधत नसे. आणि खटला झाला तर हजर राहायचे कुठे? फिलाडेल्फियाला, सुमारे तीनशे मैलांवर. खटला हरण्याआधीच माणूस बुडायचा.

तीन वर्षे कर धड वसूल झाला नाही. वसुलीवाल्यांना मारहाण झाली, अंगाला डांबर आणि पिसे फासली गेली. याचे समर्थन मी करणार नाही. जुलै १७९४ मध्ये वसुलीचा प्रमुख जनरल नेव्हिल याच्या घराला वेढा पडला. नेव्हिल स्वतः मोठा जमीनदार आणि मोठा भट्टीवाला. गोळीबारात स्वातंत्र्ययुद्धातला जुना सैनिक जेम्स मॅकफार्लन मारला गेला आणि घर जाळले गेले. १ ऑगस्टला पिट्सबर्गजवळच्या मैदानात सुमारे सात हजार माणसे जमली.

वॉशिंग्टनने तडजोडीसाठी माणसे पाठवली, पण त्याच वेळी सुमारे तेरा हजारांची फौजही गोळा केली. राष्ट्राध्यक्ष स्वतः घोड्यावर बसून वाटेपर्यंत गेला. हॅमिल्टन फौजेबरोबर पुढे गेला. लढाई झालीच नाही, बंडवाले पांगले. वीसेक लोकांना थंडीत चालवत फिलाडेल्फियाला नेले. दोघांना राजद्रोहाची शिक्षा झाली, वॉशिंग्टनने दोघांनाही माफी दिली. कायदा राखला गेला, पण कर तसाच राहिला, आणि त्या भागाचे मन सरकारपासून तुटले.

कागदावरची लढाई आणि तोंडावर पट्टी

तोवर मंत्रिमंडळातच फूट पडली होती. जेफरसन परराष्ट्रमंत्री, हॅमिल्टन अर्थमंत्री. राष्ट्रीय बँक, कर, फ्रान्सशी संबंध, प्रत्येक गोष्टीत दोघे समोरासमोर. हॅमिल्टनच्या बाजूचे एक वर्तमानपत्र होते. जेफरसनने फिलिप फ्रेनो या कवीला आपल्या खात्यात भाषांतरकाराची नोकरी दिली आणि फ्रेनोने विरोधी वर्तमानपत्र काढले. म्हणजे सरकारचा पगार घेऊन सरकारवर टीका! हॅमिल्टनने टोपणनावाने त्यावर झोड उठवली. १७९२ साली वॉशिंग्टनने दोघांना वेगवेगळी पत्रे लिहून सबुरीची विनंती केली. दोघांनी आपलेच बरोबर असे उत्तर पाठवले. १७९३ च्या शेवटी जेफरसनने राजीनामा दिला.

१७९६ साली जॉन अ‍ॅडम्स ७१ विरुद्ध ६८ अशा फरकाने जेफरसनला हरवून राष्ट्राध्यक्ष झाला. तेव्हाच्या नियमाने दुसऱ्या क्रमांकाचा जेफरसन उपराष्ट्राध्यक्ष झाला. एका गाडीला दोन दिशांनी ओढणारे दोन बैल जुंपले. १७९८ साली फ्रान्सशी युद्धाची हवा होती. त्या हवेत अ‍ॅडम्सच्या पक्षाने कायदा केला की सरकारविरुद्ध खोटे आणि बदनामीकारक लिहिणाऱ्याला तुरुंग. हक्कांच्या सनदेला सातच वर्षे झाली होती. व्हरमाँटचा खासदार मॅथ्यू लायन याला चार महिने कैद आणि एक हजार डॉलर दंड झाला. लोकांनी काय केले? तो तुरुंगात असतानाच त्याला पुन्हा निवडून दिले.

अ‍ॅडम्सच्याही पदरात पुण्य आहे. १७९९ साली पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांनी घरपट्टीविरुद्ध उठाव केला. त्यांचा पुढारी जॉन फ्राइस याला फाशीची शिक्षा झाली. मंत्री फाशी द्या म्हणत होते. अ‍ॅडम्सने माफी दिली. त्याच्याच पक्षातल्या हॅमिल्टनने १८०० च्या निवडणुकीआधी त्याच्याविरुद्ध जळजळीत पत्रक लिहिले, त्यात ही माफीसुद्धा त्याचा दोष म्हणून मोजली.

त्या निवडणुकीत अ‍ॅडम्स पडला. जेफरसन आणि त्याचाच जोडीदार एरन बर यांना सारखी ७३ मते पडली. निकाल लोकप्रतिनिधींच्या सभागृहाकडे गेला. फेब्रुवारी १८०१ मध्ये सात दिवसांत छत्तीस वेळा मतदान झाले, तेव्हा कुठे जेफरसन निवडून आला. मधल्या काळात दोन राज्यांचे गव्हर्नर आपली माणसे सज्ज ठेवण्याची भाषा करत होते. हॅमिल्टनने आपला जन्माचा वैरी जेफरसन याच्या बाजूने पत्रे लिहिली. कारण जेफरसनला निदान काही तत्त्वे आहेत, बरला काहीच नाहीत, असे त्याचे मत होते. हे वैर पुढे विकोपाला गेले. ११ जुलै १८०४ रोजी बरने, तोही उपराष्ट्राध्यक्षपदावर असताना, द्वंद्वात हॅमिल्टनला गोळी घातली. दुसऱ्या दिवशी हॅमिल्टन मेला.

पण ४ मार्च १८०१ रोजी पहाटे अ‍ॅडम्स मुकाट्याने गाडीत बसून घरी निघून गेला. समारंभाला थांबला नाही, रागावलेला होता. तरी त्याने फौज बोलावली नाही, खुर्ची धरून ठेवली नाही. सत्ता हरलेल्याकडून जिंकलेल्याकडे गेली, रक्त न सांडता. या सगळ्या भांडणांतून उरलेली सर्वांत मोलाची गोष्ट ही आहे.

शेतकऱ्यांचा कैवारी सत्तेवर

जेफरसन म्हणजे शेतकऱ्याला समाजाचा कणा मानणारा माणूस. त्याचा अर्थमंत्री अल्बर्ट गॅलटिन तर पश्चिम पेनसिल्व्हेनियाचाच; दारूकराविरुद्ध सभांत भाग घेतलेला, पण हिंसेला विरोध केलेला. १८०२ साली दारूवरचा कर रद्द झाला. सरकारी खर्च कमी झाला. शेतकऱ्यांचे राज्य आले असे वाटले.

मग डिसेंबर १८०७ उजाडला. इंग्लंड आणि फ्रान्स लढत होते, दोघेही अमेरिकेची जहाजे पकडत होते. जेफरसनने उपाय काढला: आपली जहाजे परदेशी जाऊच द्यायची नाहीत. निर्यातबंदी. आपले धान्य, कापूस, तंबाखू मिळाले नाही म्हणजे युरोप वठणीवर येईल! गॅलटिनने सुरुवातीलाच सावध केले होते की अशा सरकारी बंदीने हिशेबात धरलेल्यापेक्षा जास्त नुकसान होते. कोणी ऐकले नाही. १८०७ साली देशाची निर्यात १० कोटी ८० लाख डॉलर होती. १८०८ साली ती २ कोटी २० लाखांवर आली. बंदरांत जहाजे कुजली, खलाशी रस्त्यावर आले, शेतकऱ्याच्या मालाचे भाव कोसळले. सरहद्दीवरच्या शेतकऱ्यांनी आपला माल चोरवाटांनी कॅनडात नेला. मग जानेवारी १८०९ मध्ये आणखी कडक कायदा आला. नुसत्या संशयावरून माल जप्त करण्याचा अधिकार आणि मदतीला फौज. कालचा करविरोधक गॅलटिन आता जप्तीचे अधिकार मागत होता. छोटे बंड चांगले म्हणणारा जेफरसन शेतकऱ्यांच्या बोटींमागे शिपाई धाडत होता. इंग्लंड काही वठणीवर आले नाही. खुर्ची सोडण्याच्या तीन दिवस आधी जेफरसनने बंदी उठवण्याच्या कायद्यावर सही केली.

आणि याच माणसाच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते. शेतकरी हा समाजाचा कणा, असे लिहिणाऱ्याच्या शेतात नांगर दुसऱ्याच कोणाच्या हातात होता. गुलामांच्या डोक्यावर मिळालेली जादा मते नसती तर १८०० साली तो निवडून आला नसता, असे अनेक इतिहासकार मानतात. मायबहिणींचेही तेच. १७७६ साली अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सने नवऱ्याला लिहिले होते की नवे कायदे करताना बायकांची आठवण ठेवा. जॉन अ‍ॅडम्सने ते हसण्यावारी नेले. न्यू जर्सी राज्यात मालमत्ता असलेल्या बायका मत देत होत्या. १८०७ साली तो हक्कही काढून घेतला, आणि काढून घेणारे जेफरसनच्याच पक्षाचे होते.

घरी काय न्यायचे?

हॅमिल्टन वाईट आणि जेफरसन चांगला, असा निकाल घेऊन जाऊ नका. हॅमिल्टनने पत उभी केली आणि तिचा बोजा नडलेल्यावर टाकला. जेफरसनने बोजा उतरवला आणि मग बाजारच बंद केला. शेतकऱ्याबद्दल कोण गोड बोलतो यावरून काही ठरत नाही. कागद कोणाच्या हातात आहे, कर कशात भरायचा आहे, कोर्ट किती मैलांवर आहे आणि बाजाराचा रस्ता उघडा आहे की बंद, हे चार प्रश्न ज्याला त्याला विचारायचे. उत्तर देणारा मित्र असला तरी विचारायचे. मित्र असला तर जास्तच.

दुसरे, भांडणाला भिऊ नका. मेसनने सही केली असती आणि सगळे एकमताने उठले असते, तर हक्कांची सनद कदाचित आलीच नसती. लायन गप्प बसला असता तर तो कायदा किती अन्यायाचा आहे हे लोकांना दिसले नसते. एकमताच्या तसबिरीपेक्षा ही भांडणे त्या देशाच्या जास्त उपयोगी पडली. अट एवढीच की हरलेल्याने घरी जायचे आणि पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभे राहायचे. बरने ती पाळली नाही, त्याने पिस्तूल काढले. त्या दिवसापासून त्याचे राजकारण संपले.

अ‍ॅडम्स आणि जेफरसन अकरा वर्षे एकमेकांशी धड बोलले नाहीत. १८१२ साली एका जुन्या मित्राच्या, डॉ. बेंजामिन रश यांच्या मध्यस्थीने त्यांनी पुन्हा पत्रे लिहायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत लिहीत राहिले. मते दोघांनीही सोडली नाहीत. ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षे झाली त्याच दिवशी, दोघेही वारले. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात डॅनिएल शेज वारला होता, गरिबीत. देशाचे पहिले कर्ज कोणी फेडले याचा हिशेब करताना त्याचे नावही त्या दोघांच्या शेजारी मांडले पाहिजे, एवढेच मला सांगायचे होते.